विरह, गझल आणि निरोपाची रचना

प्रेमभंगाच्या कवितेची चर्चा मराठीत बहुधा आशयाच्या अंगाने होते. कवीने गतप्रेमाचा निरोप घेतला की नाही, हे त्याच्या उद्गारांवरून ठरविले जाते. निरोप हा रचनेचाही प्रश्न आहे, याकडे मात्र दुर्लक्ष होते. माधव जूलियन (१८९४–१९३९) आणि सुरेश भट (१९३२–२००३) यांची विरहकविता शेजारी ठेवून पाहिल्यास हा प्रश्न स्पष्ट होतो.

माधव जूलियनांचे ‘विरहतरंग’ (१९२६) हे असफल प्रेमाचे खंडकाव्य आहे. कथेला क्रम असतो आणि क्रमाला स्मृती लागते. त्यामुळे सोडून द्यायचे तेच पुन्हा आरंभापासून सांगावे लागते. फारसीच्या या व्यासंगी अध्यापकाने ‘गज्जलांजलि’तून (१९३३) गझलेचे वृत्तवैभव मराठीत रुजविले, परंतु त्यातील अनेक रचना एकाच भावाचा सलग विस्तार करतात. वृत्त गझलेचे आणि बांधणी भावगीताची, असे त्यांचे स्वरूप आहे.

सुरेश भटांनी प्रत्येक शेर ही स्वयंपूर्ण कविता मानली. शेर सुटा झाला की दुःखाला पूर्वपीठिकेची गरज उरत नाही. रदीफ दर शेराला परत येतो, म्हणजे स्मृती परत येतेच. पण प्रत्येक वेळी ती निराळ्या अर्थाच्या संगतीत येते. या आवर्तनात मूळ प्रसंगाची धार हळूहळू झिजते. गायनात ही प्रक्रिया पूर्णत्वाला जाते. गायक पहिला मिसरा वेगवेगळ्या स्वरावलींनी घोळवतो, दुसरा लांबवतो आणि काही शेर गाळूनही टाकतो. गाळल्याने रचना कोसळत नाही. कवीचे चरित्र मागे पडते आणि ते दुःख ज्याच्या कानी पडेल त्याचे होते. दिलेली वस्तू आपल्याकडे उरत नाही, या अर्थाने हा खरा निरोप होय.

या मुक्तीची किंमतही मोजावी लागते. कथेबरोबर ती विशिष्ट व्यक्तीही लोपते, आणि पुढच्या अनुकरणात उरतो तो नाव-गाव नसलेल्या वेदनेचा साचा. ‘विरहतरंग’मध्ये प्रेम हरते, पण ते कुणाचे होते, कोणत्या सामाजिक परिस्थितीत घडले, हे पुसले जात नाही. म्हणून एका कवीला निरोप साधला आणि दुसऱ्याला साधला नाही, असा सरळ निवाडा करता येणार नाही. सलग रचना प्रेमाशी इमान राखते, सुटा शेर प्रेमिकाला मोकळे करतो. विरहकवितेचे मूल्यमापन करताना कवी काय विसरला, याच्याइतकेच त्याच्या रचनेने काय विसरू दिले, हेही तपासणे अगत्याचे आहे.