६८ टक्के, पण कशाचे?

प्रतिबंधात्मक देखभालीवर काम करणार असाल, तर नोलन आणि हीप यांचा १९७८चा अहवाल वाचाच. 'भाग जुना झाला की बिघडतो' ही समजूत त्याने मोडली. त्यात ६८ टक्के भागांत बिघाड सुरुवातीलाच जास्त दिसले, नंतर वयाचा फरक पडेना.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी हा आकडा बिनधास्त टाकला होता. गाईडनी विचारलं, "कोणत्या गाडीचे भाग?" मी गप्प. अहवाल युनायटेड एअरलाइन्सचा, भाग विमानांचे!

आता शिरूर-दौंडच्या धुळीत लष्कराचा स्टॅलियन ट्रक चालवून बघा. ब्रेक लायनर, क्लच प्लेट झिजणारच. तिथे ६८ टक्क्यांचा आधार घेऊन 'ठरल्या वेळी बदलायची गरज नाही' म्हणता येत नाही. एअर फिल्टरचं वेगळं. तो किलोमीटर बघून नाही, धूळ बघून चोंदतो. आणि उगाच उघडून झटकला, तर धूळ इंजिनात जायची भीती. म्हणून हवेचा अडथळा दाखवणारा इंडिकेटर बघून बदलायचा.

म्हणजे अहवालाचा आकडा इथे चालत नाही, पद्धत चालते: प्रत्येक भाग कसा बिघडतो ते आधी बघा, मग वेळापत्रक ठरवा. अहवालाची मर्यादा म्हणून हे लिहायला हवं होतं. मी लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहा.