समकक्ष-परीक्षण : शिक्का आणि अभिप्राय

प्रस्तावना

संशोधनपर नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आय.एस.एस.एन. क्रमांकाच्या शेजारी 'पीअर रिव्ह्यूड' हे शब्द आज हमखास आढळतात. मराठीत त्यासाठी 'समकक्ष-परीक्षित', 'तज्ज्ञ-परीक्षित' असे प्रतिशब्द योजले जातात. त्यांपैकी एकही पुरता रुळलेला नाही. लेखकाने शोधनिबंध पाठवावा, तो नियतकालिकाच्या कक्षेत बसतो की नाही हे संपादकाने पाहावे, लेखकाचे नाव काढून तो त्या विषयातील दोन जाणकारांकडे धाडावा, त्यांनी लेखी अभिप्राय द्यावा आणि त्याच्या आधारे निबंध स्वीकारणे, दुरुस्तीसाठी परत करणे वा नाकारणे याचा निर्णय संपादकाने घ्यावा, अशी या पद्धतीची सर्वसाधारण रूपरेषा आहे. या साखळीच्या मध्यभागी एक लिहिलेला मजकूर असतो, तो म्हणजे परीक्षकाचा अभिप्राय. एक लेखन म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः परीक्षणातून निर्माण होणारी वस्तू तीच होय. निर्णय एका शब्दाचा असतो. अभिप्राय नसेल, तर तो शब्द कशाच्या बळावर उच्चारला गेला हे कळण्यास मार्ग उरत नाही.

अभिप्रायाचा उगम

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हा काय छापावे हे मुख्यतः तेच ठरवीत. पुढे १७५२ मध्ये हे काम सोसायटीच्या समितीकडे गेले. परंतु समितीचे काम मतदानाने चाले आणि मतदानात कारणे लिहावी लागत नाहीत. लेखी अभिप्रायाची कल्पना विल्यम ह्यूएल यांनी १८३१ मध्ये मांडली. जाणकारांनी निबंधावर अहवाल लिहावा आणि तो सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध व्हावा, अशी त्यांची सूचना होती. म्हणजे आज गोपनीय मानला जाणारा हा प्रकार जन्मतः वाचकांसाठी होता, ही बाब उल्लेखनीय आहे.

पहिल्याच प्रयोगात मतभेद झाला. जॉर्ज एअरी यांच्या खगोलशास्त्रीय निबंधावर ह्यूएल आणि जॉन लबक यांनी मिळून अहवाल लिहावयाचा होता. निबंधाचे महत्त्व वाचकांना उलगडून सांगावे असे ह्यूएल यांना वाटे. लबक यांना गणितातील चुका शोधून त्या लेखकाच्या नजरेस आणावयाच्या होत्या. १८३२ मध्ये छापून आलेल्या अहवालात ह्यूएल यांचा दृष्टिकोन प्रभावी ठरला. तथापि पुढील काळात अहवाल गोपनीय झाले, परीक्षक निनावी झाले आणि दोषदर्शन हेच परीक्षकाचे काम मानले जाऊ लागले. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. समीक्षकाने आस्वाद उलगडावा की मूल्यमापन करावे, हा आपल्याकडचा जुना प्रश्न त्याच जातीचा आहे.

१९३६ चे प्रकरण

अभिप्राय काय करू शकतो, हे पाहण्यासाठी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या एका निबंधाची कथा तपशिलाने पाहणे उपयुक्त ठरेल. १९३६ च्या उन्हाळ्यात आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी नेथन रोझेन यांनी अमेरिकेतील 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक निबंध पाठविला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे पाठवून सुमारे १० पानांचा अभिप्राय मिळविला आणि २३ जुलै रोजी निबंध त्या अभिप्रायासह परत करून आइन्स्टाइन यांचे मत मागविले. आइन्स्टाइन यांना हे रुचले नाही. छापण्यापूर्वी निबंध इतर तज्ज्ञांना दाखविण्याची आपण अनुमती दिली नव्हती, असे कळवून त्यांनी तो मागे घेतला. त्यांची नाराजी समजून घेण्याजोगी आहे. ज्या जर्मन नियतकालिकांत त्यांची उमेद गेली, तेथे नामवंत लेखकाचा निबंध सहसा परत येत नसे. यानंतर त्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'ला शोधनिबंध दिला नाही. एका टीकेला दिलेले छोटे उत्तर हाच काय तो अपवाद.

तो परीक्षक म्हणजे प्रिन्स्टन येथील हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन, हे नियतकालिकाच्या जुन्या नोंदींवरून पुढे स्पष्ट झाले. डॅनियल केनेफिक यांनी २००५ मध्ये हा सर्व इतिहास मांडला. निबंधातील अडचण निर्देशकांच्या निवडीतून आली आहे, वेगळे निर्देशक घेतल्यास ती दूर होते आणि दंडगोलाकार लहरींचे उत्तर हाती येते, असे रॉबर्टसन यांनी दाखविले होते. चूक दाखवून ते थांबले नाहीत. त्या चुकीतून बाहेर पडण्याची वाटही त्यांनी लिहून दिली. त्याच वर्षी प्रिन्स्टनला परतल्यावर आइन्स्टाइन यांचे नवे साहाय्यक लिओपोल्ड इन्फेल्ड यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि बोलण्याबोलण्यात त्यांनी तीच गोष्ट त्यांच्या गळी उतरविली. आइन्स्टाइन यांनाही त्याच सुमारास आपल्या सिद्धतेतील त्रुटी जाणवली होती. तोवर निबंध फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकाने स्वीकारलेला होता. मुद्रितावर मोठे फेरफार होऊन १९३७ मध्ये तो उलट निष्कर्षासह प्रसिद्ध झाला. त्यात साहाय्याबद्दल रॉबर्टसन यांचे आभार आहेत; निनावी परीक्षक तेच होते याचा उल्लेख अर्थातच नाही.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, नकाराने यातले काहीच साधले नाही. निबंध दुसरीकडे गेला आणि तेथे तो स्वीकारलाही गेला. टिकून राहिला तो १० पानांतला युक्तिवाद. निनावी पत्रातून जो पोहोचू शकला नाही, तो मैत्रीतून पोहोचला. गुरुत्वीय लहरींचा प्रत्यक्ष वेध २०१५ मध्ये लागला आणि तशाच वेधशाळेच्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील उभारणीस केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली.

मानव्यविद्यांमधील परीक्षण

गणितात चूक दाखविता येते. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र यांत परीक्षकाचे काम अधिक नाजूक असते. मूळ साधने पाहिली आहेत काय, पूर्वसूरींचे ऋण मान्य केले आहे काय, निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा तर नाही ना, हे त्याला पाहावे लागते. शिवाय मराठीत एक व्यावहारिक अडचण आहे. महानुभाव वाङ्मय किंवा बखरी अशा विषयांचे जाणकार मोजकेच असल्याने नाव झाकले तरी शैली ओळखू येते. दुहेरी गुप्ततेचा बडिवार त्यामुळे थोडा कमीच मानावा. ओळखीचा परिणाम होतो हेही खरे. डग्लस पीटर्स आणि स्टीफन सेसी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मानसशास्त्रातील १२ छापील निबंध नावे व संस्था बदलून त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठविले होते. ३ ओळखले गेले. उरलेल्या ९ पैकी ८ नाकारले गेले, आणि तेही बहुधा संशोधनपद्धतीतील दोष दाखवून. अभिप्राय लिहिला गेला म्हणजे तो प्रामाणिक असतोच असे नाही. परंतु लिहिलेला होता म्हणूनच तो असा तपासता आला.

मराठीला अभिप्रायाची परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी त्यांच्या लेखनाविषयी तपशिलाने चर्चा करीत, पुनर्लेखन सुचवीत. ते समकक्ष-परीक्षण नव्हते, संपादकीय संस्कार होता. त्यांच्या अभिरुचीविरुद्ध बंडही झाले. १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी झाली. पण मत एवढे स्पष्ट मांडलेले असल्यावाचून त्याविरुद्ध बंड तरी कशाला होईल?

यादी आणि गुण

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी परीक्षित नियतकालिकातील निबंधाला १५ आणि अपरीक्षित परंतु मान्यवर नियतकालिकातील निबंधाला १० गुण ठरविले. या ५ गुणांच्या अंतरासाठी 'परीक्षित' हा शब्द हवा झाला, आणि शब्द छापण्यास परीक्षक लागत नाही. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत आलेल्या नियतकालिकांचा नमुना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी तपासला. 'करंट सायन्स'मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीनुसार, या गटातील अनुक्रमित नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असण्याची शक्यता दिसली. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावे वगळली गेली. २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, ती २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाली आणि निवडीची जबाबदारी संस्थांकडे व अभ्यासकांकडे आली.

या सर्व उलथापालथीत यादीत कोण आहे याची चौकशी झाली. अभिप्राय लिहिला गेला काय, अशी विचारणा मात्र कोणी फारशी केली नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात नव्याने लागलेला अध्यापक आपला निबंध शुल्कासह पाठवितो आणि दोन दिवसांत त्याला स्वीकृतिपत्र व प्रमाणपत्र मिळते. त्याचे शुल्क गेले, हे नुकसान लहानच. आपल्या लेखनाबद्दल कोणाही जाणकाराने काढलेला एकही शब्द त्याच्या वाट्याला येत नाही, आणि दहा निबंध छापून झाल्यावरही तो पहिल्या निबंधातील चुका जशाच्या तशा बाळगून असतो. पुढे तोच परीक्षक होतो. अभिप्राय कसा लिहावा हे त्याने कधी पाहिलेलेच नसते.

'नेचर'ने २०२५ च्या जूनपासून नव्याने येणाऱ्या व पुढे प्रसिद्ध होणाऱ्या संशोधन निबंधांसोबत परीक्षकांचे अहवाल आणि लेखकांची उत्तरे प्रकाशित करण्याचे धोरण स्वीकारले; परीक्षकाला निनावी राहण्याची मुभा त्यात आहे. ह्यूएल यांची १८३१ मधील सूचना अशी जवळजवळ दोन शतकांनी परत आली. महाविद्यालयीन नियतकालिकाला यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक निबंधामागे परीक्षकाचा अभिप्राय नाव गाळून छापावयाचा, तर दोन पानांचा कागद जास्त लागेल, आणि ज्या अंकात ती पाने कोरी राहतील तो अंक वाचकाला लगेच ओळखता येईल.