दगडाचा गूढार्थ

सिनेमात गूढार्थ सापडला नाही, तर आमच्या मित्रमंडळींना वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. परवा नागराज मंजुळेंचा २०१३ चा ‘फँड्री’ पाहिला. जब्याचे घरदार डुक्कर पकडत असते. ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागीच ताठ उभे, अन् डुक्कर पसार! त्याला बिचाऱ्याला कोण शिकवणार राष्ट्रगीत? आम्ही खो खो हसलो. शेवटी, असेच फिदीफिदी हसणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. झाले! दगड प्रतीक, डुक्कर प्रतीक, काळी चिमणीही प्रतीक. दुसरा चहा होईपर्यंत चर्चा रंगली. हा गूढार्थ फार सोयीचा बुवा! दगडाला एकदा प्रतीक म्हटले, की तो लागत नाही.