दृष्टिलाभ : एक शब्द, तीन अर्थ

मेंदूच्या पश्चभागातील दृष्टिकेंद्रास इजा झाली असता, डोळे निर्दोष असूनही दृष्टिक्षेत्राचा काही भाग, पुष्कळदा अर्धा, नाहीसा होतो. अशा रुग्णाची दृष्टी परत आली असे विधान केले जाते, तेव्हा नेमके काय परत आले, हे प्रथम विचारावयास हवे.

1917 साली जॉर्ज रिडॉक यांनी जखमी सैनिकांच्या अंध भागात स्थिर वस्तू न दिसता हलती वस्तू मात्र जाणवते, असे नोंदविले. 1974 साली लॉरेन्स वाइस्क्रांट्झ व त्यांचे सहकारी यांनी ‘अंधदृष्टी’ ही संज्ञा योजली. त्यांचा रुग्ण काहीच दिसत नसल्याचे सांगे. तथापि अंदाजाने बोट दाखवावयास सांगितल्यास प्रकाशाचे स्थान बऱ्याच अचूकपणे दाखवी. मराठी व्याकरणातील एक भेद येथे उपयुक्त ठरतो. ‘मी दाखवतो’ यात ‘मी’ कर्ता आहे. ‘मला दिसते’ यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. या रुग्णास पहिले वाक्य शक्य होते, दुसरे नव्हते.

1998 साली माग्डेबुर्ग येथील कास्टेन, साबेल प्रभृतींनी सहा महिन्यांच्या संगणकीय सरावानंतर दृष्टिक्षेत्राची सीमा सुमारे 5 अंशांनी सरकल्याचे प्रतिपादन केले. परंतु तेथे सराव आणि चाचणी यांचे स्वरूप बरेच सारखे होते. नजर अंध बाजूकडे किंचित वळली तरीही तसाच निष्कर्ष मिळू शकतो. 2005 साली ट्यूबिंगेन येथे दृष्टिपटलावर प्रत्यक्ष लक्ष ठेवून मोजणी केली असता सीमा सरकल्याचे आढळले नाही. उलट, 2009 साली क्रिस्टल हक्सलिन व सहकाऱ्यांनी अंध भागातच गतीची दिशा ओळखण्याचा सराव दिला, तेव्हा ती क्षमता सुधारली. मात्र ती प्रामुख्याने सराव दिलेल्या स्थानापुरतीच.

तात्पर्य, ‘दृष्टिलाभ’ या एका शब्दात तीन दावे एकवटले आहेत : सीमेचा विस्तार, अंध भागातील विशिष्ट क्षमता आणि नेत्रचलनाने साधलेली भरपाई. पहिला विवाद्य आहे. दुसऱ्यास आधार आहे, पण तो मर्यादित. तिसरा व्यवहारात उपकारक असला, तरी त्याने गमावलेले क्षेत्र परत मिळत नाही. मेंदूची लवचिकता हे तिन्हींचे सरसकट स्पष्टीकरण मानल्यास हा भेद पुसला जातो. महिनोन्‌महिने सराव करणाऱ्या रुग्णास यांपैकी कशाची आशा दाखविली जात आहे, हे प्रत्येक निबंधात स्पष्ट असणे आवश्यक आहे. यास्तव मोजणीबरोबर रुग्णाचे स्वतःचे निवेदनही स्वतंत्रपणे नोंदविले जावे.