हिरव्या चित्राची चिकित्सा

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल या मैदानावर मास्टर्स ही गोल्फ स्पर्धा होते. २०२० सालचा अपवाद सोडला, तर अलीकडच्या काळात ती एप्रिलच्या पूर्वार्धातच होत आली आहे. १९५६ पासून ती दूरचित्रवाणीवर दाखवली जाते. १९६६ पासून रंगीत. तिच्यातील खेळाबद्दल आम्हाला येथे काही म्हणायचे नाही. आम्ही परीक्षण करणार आहोत ते तिच्यातील गवताच्या चित्राचे. वसंतात मैदान कसे दिसावे याची असंख्य प्रेक्षकांची कल्पना या चित्राने घडवली आहे. मैदाने राखणारे लोक तिला ‘ऑगस्टा सिंड्रोम’ असे नाव देतात.

चित्र खोटे नाही. पण ते फार काही गाळते. ऑगस्टाच्या फेअरवेवरचे मूळ गवत बर्म्युडा, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातले. थंडीत ते पिवळे पडून झोपी जाते आणि एप्रिलच्या आरंभी नुकते जागे होत असते. पडद्यावर दिसते ती हिरवाई मुख्यतः शरद ऋतूत त्यावर मुद्दाम पेरलेल्या रायग्रासची. उन्हाळ्यात काही महिने हे मैदान खेळासाठी बंद असते. खेळाडू चेंडू भोकात घालतात त्या गुळगुळीत हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. या ग्रीनच्या पोटात नळ्या असून त्यांतून मातीतले जादा पाणी ओढून घेता येते, हवाही खेळवता येते. यांपैकी काहीच पडद्यावर दिसत नाही.

या गाळण्याचा परिणाम कुठे होतो? ऑगस्टाच्या सुमारे दहा अक्षांश उत्तरेला असलेल्या टोरोंटोचे उदाहरण पाहू. डिसेंबर २०१३ मध्ये तेथे गोठत्या पावसाचे वादळ झाले आणि मैदानांवर बर्फाचा कठीण थर बसला. तो हिवाळा इतका कडक होता, की मार्च २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांचा ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. वसंतात थर वितळला, तेव्हा त्या परिसरातील अनेक ग्रीन्सवर मेलेल्या गवताचे तपकिरी पट्टे उघडे पडले. त्याच महिन्यात पडद्यावर ऑगस्टा हिरवेगार होते. अशा वेळी ठपका येतो तो मैदान राखणाऱ्यावर.

‘थंडीने गवत मेले’ हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. सैल बर्फ गवताला पांघरुणासारखा उपयोगी पडतो. घातक असतो तो घट्ट, पारदर्शक थर. त्याखाली गवताचा आणि मातीतील जीवाणूंचा श्वास मंदपणे चालूच राहतो. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड व इतर विषारी वायू साठतात आणि गवत गुदमरते. पोआ अन्युआ हे गवत असा थर साधारण दीड-दोन महिने सोसते; क्रीपिंग बेंटग्रास तीन-चार महिनेही तगते. दुसरे संकट हिवाळा सरताना येते. दोन-चार उबदार दिवसांत मूळ व पाने यांच्या सांध्यावरील वाढीचा भाग पाणी शोषून घेतो. मग एकाएकी गोठण पडली, की आतल्या पाण्याचे स्फटिक होऊन पेशी फाटतात. एकाच मैदानावर एक पट्टा मरतो आणि शेजारचा जगतो, तो गवताची जात, निचरा व सावली यांतील फरकामुळे.

दुरुस्तीही पडद्याच्या वेगाने होत नाही. बेंटग्रासचे बी इतके बारीक, की एका किलोत एक कोटीहून अधिक दाणे भरतात. माती दहा-बारा अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय ते नीट रुजत नाही. म्हणून हवा खेळू देणारी आच्छादने घालून माती उबवतात, पाणी थोडे थोडे पण वारंवार देतात, कापणी उंच ठेवतात आणि खेळाडूंना तात्पुरत्या ग्रीनवर पाठवतात. घाई केली, तर कोवळी रोपे पायांखाली जातात. मातीत आधीच पडून असलेले पोआचे बी मोकळी जागा पटकावते आणि पुढच्या हिवाळ्यासाठी तेच दुबळे गवत पुन्हा तयार होते. चित्रामुळे वाढलेली अपेक्षा अशी त्या गवताचेच नुकसान करते.

म्हणून या चित्राबद्दल आमचा आक्षेप असा: ते परिणाम दाखवते, स्थळ, काळ आणि खर्च दाखवत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतील चित्रांनाही हीच कसोटी लावावी. हे कोठले? कोणत्या महिन्यातले? त्याआधी काय केले होते? हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी प्रत्येक चित्राला विचारावेत.

सोबत एक प्रयोग करता येईल. थंड प्रदेशातील मैदान राखणारे हिवाळा सरता सरता गवताचे ढेकूळ खणून उबदार खोलीत उजेडात ठेवतात. दीडदोन आठवड्यांत कोंब फुटले, तर गवत जिवंत आहे असे समजतात. आपल्याकडे मे महिन्यात शाळेच्या मैदानातील वाळलेली हरळी मातीसकट कुंडीत लावून तिला रोज पाणी घालावे. आधी विद्यार्थ्यांकडून ‘मेलेली’ की ‘झोपलेली’ हे लिहून घ्यावे आणि मग रोजची नोंद ठेवावी. रंगावरून जीव ओळखता येतो का, याचे उत्तर त्या नोंदींतूनच मिळेल.