मूलकणांचे पाठ्यपुस्तक : काय मिळते, काय राहते

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा घेताना आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो : "झेड कण प्रोटॉनच्या सुमारे ९७ पट जड असतो, असे तुम्ही म्हणता. तो तर जन्मताच नष्ट होतो. मग त्याचे वस्तुमान मोजले कसे?" क्वार्कांचे सहा प्रकार आणि त्यांचे विद्युतभार घडाघडा सांगणारे हुशार विद्यार्थीही येथे अडखळतात. दोष त्यांचा नाही. मूलकण भौतिकी शिकवण्याची आपली रीतच तशी आहे. या रीतीत पाठ्यपुस्तकाचा वाटा किती, हे येथे पाहू.

डेव्हिड ग्रिफिथ्स यांचे 'इंट्रोडक्शन टु एलिमेंटरी पार्टिकल्स' हे पुस्तक १९८७ साली निघाले. सुधारित आवृत्ती २००८ साली आली. या विषयात प्रथमच पाऊल टाकणाऱ्याला याहून सोबतीचे पुस्तक आम्हाला तरी माहीत नाही. पहिल्याच प्रकरणात इलेक्ट्रॉनपासून पुढचा इतिहास गोष्टीसारखा येतो. चुकलेल्या तर्कांसह येतो, हे विशेष. फाइनमन आकृत्यांचे गणित शिकवताना लेखक आधी फिरक (स्पिन) नसलेल्या तीन काल्पनिक कणांचा एक खेळण्यातला सिद्धांत मांडतो. त्यावर हात बसला की मगच खरा इलेक्ट्रॉन समोर आणतो. अवघड गोष्ट दोन पायऱ्यांत कशी फोडावी, याचा हा वस्तुपाठच आहे. कोणत्याही विषयाच्या शिक्षकाने तो जरूर पाहावा.

मात्र कण निर्माण कसे करतात आणि टिपतात कसे, याला पुस्तकात सुरुवातीची मोजकीच पाने मिळतात. लेखकाने हे जाणूनबुजून केले आहे. नवख्यावर सगळाच भार टाकू नये, हा त्याचा विचार समजण्यासारखा आहे. पण परिणाम असा होतो की कण हा समीकरणातून निघतो, प्रयोगातून नव्हे, अशी विद्यार्थ्याची समजूत होते. डोनाल्ड पर्किन्स यांचे 'इंट्रोडक्शन टु हाय एनर्जी फिजिक्स' हे पुस्तक या बाबतीत उजवे आहे. ते स्वतः छायाचित्रण-पायसात कणांचे माग शोधलेले प्रयोगकर्ते होते, आणि ते पानोपानी जाणवते.

आता वरच्या प्रश्नाचे उत्तर. झेड कण कधीकधी दोन म्युऑनांत फुटतो. तो स्थिर असताना फुटला तर दोन्ही म्युऑन विरुद्ध दिशांना जातात आणि प्रत्येकाची ऊर्जा सुमारे ४५.६ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. बेरीज ९१.२ : हेच झेडचे वस्तुमान, ऊर्जेच्या भाषेत. झेड गतिमान असेल तर ऊर्जांच्या बेरजेच्या वर्गातून एकूण संवेगाचा (प्रकाशवेगाने गुणून) वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ काढायचे. अशा हजारो जोड्यांचा आलेख काढला की ९१ च्या आसपास एक शिखर उभे राहते. म्हणजे कण तराजूत तोलला जात नाही. त्याच्या तुकड्यांचा हिशेब मांडला जातो. यासाठी लागणारी सापेक्षता ग्रिफिथ्सच्या तिसऱ्या प्रकरणात उत्तम दिली आहे. नाहीत त्या खऱ्या नोंदी.

ही उणीव आज शिक्षकाला भरून काढता येते. सर्न या प्रयोगशाळेने २०१४ पासून आपल्या टकरींच्या नोंदींचा काही भाग सर्वांसाठी खुला केला आहे. त्यातील म्युऑनांच्या जोड्या घेऊन साध्या संगणकावर हे शिखर विद्यार्थ्याला स्वतः काढता येते. २००८ च्या आवृत्तीत हिग्ज कण 'पुढे काय' या सदरात आहे. ४ जुलै २०१२ रोजी त्याच्या शोधाची घोषणा झाली, तीही अशाच शिखरांच्या आधारे, हे शिक्षकाने जोडून सांगावे. न्यूट्रिनोंचे प्रकरण शिकवताना कोलारच्या सोन्याच्या खाणीची आठवण द्यावी. जमिनीखाली दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ओसाका व डरहॅम येथील शास्त्रज्ञांनी वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा १९६५ साली टिपल्या. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीतही त्या मिळाल्या.

शाळेतले शिक्षक विचारतील, याचा आम्हाला काय उपयोग? आज एम.एस्सी.च्या बाकावर बसलेल्यांपैकी अनेकजण उद्या शाळेतच शिकवणार आहेत. 'हे कशावरून?' हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नसेल, तर ते आपल्या विद्यार्थ्यांना अणूसुद्धा व्याख्या म्हणूनच देतील. ग्रिफिथ्स अवश्य वाचावा, त्यातली उदाहरणे सोडवावीत. प्रत्येक प्रकरण मिटताना मात्र एवढे विचारावे : हे कळले कसे?