भिंतीवर कोण राहतं?

‘फ्री सोलो’मधला माझा सगळ्यात आवडता शॉट अ‍ॅलेक्स हॉनल्डचा नाहीये. तो खाली जमिनीवर लांबची लेन्स लावून बसलेल्या कॅमेरामनचा आहे. वर एल कॅपिटानच्या जवळपास ९०० मीटर उंच भिंतीवर त्याचा मित्र दोराशिवाय चढतोय, आणि ह्याला बघवत नाही. तो कॅमेरा सुरू ठेवून पाठ फिरवतो.

ही फिल्म मी चार वेळा पाहिली, त्यातली पहिली वेळ लोकलमध्ये, फोनवर. तेव्हा फक्त तळहाताला घाम आला होता. नंतर लक्षात आलं की तो माणूस दोराशिवाय चढू शकेल का, हा प्रश्न फिल्म फार वेळ धरत नाही. ३ जून २०१७ ला तो चार तासांच्या आत चढला, हे आपल्याला आधीच माहीत असतं. फिल्म खरा जीव टाकते ती दुसऱ्याच प्रश्नावर: आपण तिथे असल्यामुळे, कॅमेरा घेऊन लटकल्यामुळे, त्याचा तोल गेला तर? दिग्दर्शक जिमी चिन स्वतः क्लाइंबर आहे. तो आणि त्याची टीम यावर पुन्हा पुन्हा बोलतात. कोण कुठे लटकणार, कोण नजरेआड राहणार, हे ठरवतात. सगळ्यात अवघड टप्प्यावर माणूसच नको म्हणून तिथे दुरून चालणारे कॅमेरे लावतात. आदल्या वर्षी हॉनल्ड एकदा चढायला लागून मधूनच परत फिरलेला असतो, त्यामुळे ही काळजी हवेतली नसते.

आपण जवळ गेल्यामुळे, नुसतं बघितल्यामुळे, भिंतीवरच्या जिवाला धोका होतो का? हा प्रश्न इतक्या प्रामाणिकपणे विचारणारी दुसरी क्लाइंबिंग फिल्म मला माहीत नाही. माझी तक्रार एवढीच की तो एकाच जातीच्या जिवाबद्दल विचारला जातो.

त्या चढाईत हॉनल्डला वाटेत एक क्लाइंबर भेटतो, चक्क युनिकॉर्नचा पोशाख घातलेला. ऑस्कर मिळवलेल्या या फिल्ममध्ये एल कॅपवर युनिकॉर्नला जागा मिळाली. बहिरी ससाण्याला नाही मिळाली.

जून हा ससाण्यांच्या दृष्टीने नाजूक महिना. योसेमिटीच्या कड्यांवर तेव्हा त्यांची पिल्लं असतात. बहिरी ससाणा काड्या जमवून घरटं बांधत नाही. कड्यातल्या एखाद्या लेजवर माती-खडी पायाने उकरून खळगा करतो आणि त्यात तीन-चार अंडी. महिनाभर उबवणं, मग साधारण सहा आठवडे पिल्लं तिथेच. या काळात माणूस जवळून, त्यातही वरून आला, तर पालक उडतात, आरडाओरडा करत घिरट्या घालत राहतात. तेवढा वेळ अंडी उन्हावाऱ्यात उघडी. पिल्लं मोठी झालेली असतील तर घाबरून पंख तयार व्हायच्या आधीच लेजवरून उडी मारू शकतात. क्लाइंबरच्या दृष्टीने हीच लेज म्हणजे दोन मिनिटं उभं राहून पाणी प्यायची जागा.

‘हॅ, पक्षी दाखवायचे तर डिस्कव्हरी चॅनल आहे की,’ असं माझा एक मित्र म्हणाला. बरोबर आहे. एका माणसाच्या डोक्यात काय चाललंय यावरची फिल्म पक्ष्यांच्या मागे गेली असती तर फुटली असती. म्हणून ‘फ्री सोलो’ला मी माफ करतो. ‘व्हॅली अपरायझिंग’ला करत नाही.

२०१४ ची ही फिल्म योसेमिटीतल्या क्लाइंबिंगचा इतिहासच सांगायला बसते. पन्नासच्या दशकापासून, कॅम्प ४ मधल्या कफल्लक पोरांपासून. फिल्म मस्त आहे, संगीत धमाल, जुने फोटो हलते केलेत. पण कथेचा सांगाडा एकच: एका बाजूला मोकळी, बंडखोर पोरं, दुसऱ्या बाजूला काठी घेतलेले रेंजर. ‘अ‍ॅक्सेस’ म्हणजे कड्यापर्यंत जायचा, चढायचा हक्क, आणि तो रेंजरच्या हातून हिसकावून घ्यायचा असतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर गांजाने भरलेलं एक विमान तिथल्या गोठलेल्या तळ्यात कोसळलं आणि क्लाइंबर पोरांनी बर्फ फोडून माल काढला, हा किस्सा फिल्म रंगवून सांगते. सांगावाच असा आहे तो.

पण त्याच पोरांच्या पिढीने, साधारण त्याच काळात, आणखी एक गोष्ट केली होती. ती फिल्ममध्ये नाही.

डीडीटी नावाचं कीटकनाशक शेतातून किड्यांत, किड्यांतून छोट्या पक्ष्यांत आणि त्यांना खाणाऱ्या ससाण्यांच्या शरीरात साठत गेलं. त्यामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच ती फुटायची. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, तोवर कॅलिफोर्नियात विणीच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. योसेमिटीत तर १९४१ नंतर कुणाला चालू घरटं दिसलंच नव्हतं. १९७८ मध्ये ते दिसलं, आणि दिसलं ते क्लाइंबर मंडळींना. साहजिकच आहे, तिथवर दुसरं जातंय कोण?

पुढचं अजून भारी. बंदी आली तरी विष शरीरातून लगेच जात नव्हतं, कवचं पातळच होती. म्हणून अभ्यासकांनी कड्यांवर चढू शकणाऱ्या लोकांना हाताशी धरलं. हे लोक दोर लावून घरट्यापर्यंत उतरायचे. चिडलेली मादी डोक्यावर झडप घालत असताना खरी अंडी अलगद डब्यात घ्यायचे आणि खोटी अंडी खळग्यात ठेवायचे, म्हणजे ती बसून राहील. खरी अंडी सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या केंद्रात यंत्रात उबवायची. पिल्लं बाहेर आली की पुन्हा तोच कडा, तोच दोर, आणि खोटी अंडी काढून त्या जागी पिल्लं. अशी वर्षानुवर्षं मेहनत झाली, आणि १९९९ मध्ये बहिरी ससाण्याचं नाव अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून निघालं.

यात थरार नाही म्हणता? उंची आहे, दोर आहे, डब्यात धडधडतं काहीतरी आहे, आणि चुकलं तर फुटणारं आहे. पटकथा लिहायची गरज नाही. तरी मोठ्या पडद्यावर आपल्याला दिसतं ते विमान आणि गांजा.

याने फरक पडतो. २००९ पासून योसेमिटीत दरवर्षी १ मार्च ते १५ जुलै या काळात घरटी असलेल्या भिंतींवरचे रूट बंद ठेवतात. तिथल्या उद्यानाचाच हिशोब असा की एकूण रूटपैकी सुमारे ५ टक्के बंद ठेवून माहीत असलेल्या घरट्यांपैकी निम्म्यांना संरक्षण मिळतं. एखाद्या भिंतीवर त्या वर्षी जोडी बसलीच नाही असं दिसलं, तर ती भिंत आधीच उघडता येते. यासाठी कुणीतरी रोज खाली दुर्बीण लावून बसावं लागतं. क्लाइंबिंगच्या हक्कासाठीच काम करणारी अ‍ॅक्सेस फंड ही संस्थासुद्धा अशा हंगामी बंदच्या बाजूने आहे. ज्याने ‘व्हॅली अपरायझिंग’ पाहून क्लाइंबिंग म्हणजे काय ते ठरवलं, त्याला मात्र ‘रूट बंद’ची पाटी म्हणजे रेंजरचा आणखी एक डाव वाटणार. १९७८ ची गोष्ट ज्याला माहीत आहे, त्याला तीच पाटी आपल्याच पूर्वजांनी लावल्यासारखी वाटेल.

क्लाइंबिंगच्या जगात एका मजकुराने लोकांची सवय बदलल्याचं उदाहरण आहे. १९७२ मध्येच इव्हाँ श्विनार्डच्या कंपनीने काढलेला कॅटलॉग. खरं तर तो माल विकायचा कॅटलॉग. त्यात सांगितलं होतं की हातोडीने ठोकायच्या पिटॉनमुळे खडकाच्या भेगा फुटताहेत. ते सोडा, हाताने बसवून हाताने काढता येणारे नट वापरा. पिटॉन हाच त्या कंपनीचा मुख्य धंदा होता! त्या मजकुरानंतर काही वर्षांत चढायची पद्धत बदलली. एका जाहिरातीला जमलं ते पुढच्या फिल्मना का जमू नये, असं वाटत राहतं. अर्थात त्या कॅटलॉगचीही माया खडकावर होती. खडकात राहणाऱ्यांवर नव्हती.

आता आपल्याकडे येतो. आपल्याकडे सह्याद्रीतल्या क्लाइंबिंगवर अशा मोठ्या फिल्म नाहीत, रील आहेत. आणि रीलचं व्याकरण ठरलेलं आहे: ड्रोन दरीतून वर येतो, कड्याच्या कडेवर माणूस हात पसरून उभा, ढग, गाणं, संपलं. कातळ म्हणजे मागचा पडदा.

मीही असंच एक केलंय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका कड्यावर आमचं सात जणांचं टोळकं होतं. (कड्याचं नाव देत नाही, का ते पुढे कळेल.) मी ड्रोन उडवला आणि अचानक एक शाहीन, आपल्याकडचा बहिरी ससाण्याचाच भाऊ, त्यावर झडपला. एकदा नाही, तीनदा. ड्रोन वाचला. अकरा सेकंदांची ती क्लिप मी त्याच रात्री टाकली: ‘सह्याद्रीचा फायटर जेट’. माझ्या बाकी सगळ्या व्हिडिओंच्या एकूण व्ह्यूजपेक्षा जास्त व्ह्यूज तिला एका दिवसात मिळाले. आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक पक्षीवाले काका आहेत. एरवी ते गुड मॉर्निंगपलीकडे काही टाकत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “अरे, आत अंडी होती की पिल्लं?”

मला माहीत नव्हतं. हल्ला करणारा पक्षी काहीतरी सांगतोय, हेच डोक्यात आलं नव्हतं. मला तो परफॉर्मन्स वाटला होता.

गंमत म्हणजे, कड्यावर कुणीतरी राहतं हे सह्याद्रीतल्या क्लाइंबरला शिकवावं लागत नाही. आग्या मोहोळ! कड्याला मोहोळ लटकलंय दिसलं की आमच्यातला सगळ्यात आगाऊ मुलगाही आवाज खाली आणतो. सेंट नको, धूर नको, दगड सुटता कामा नये, आणि रूट मोहोळाखालून जात असेल तर आज नाही, पुन्हा कधीतरी. यासाठी कुठली पाटी नाही, दंड नाही, रेंजर नाही. कुणी याला ‘अ‍ॅक्सेस’वर घाला म्हणत नाही. फरक एवढाच की मधमाशी चावते. गिधाड चावत नाही.

आणि आपल्याकडे प्रश्न गिधाडाचा जास्त आहे. कड्यांच्या कपारीत घरटं करणारं लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची संख्या ९५ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं, पण वर्षाला एका अंड्याच्या वेगाने सावरायला किती काळ लागेल याचा हिशोब करून बघा. त्यात योसेमिटीपेक्षा आपलं गणित वाकडं. गिधाडांची वीण हिवाळ्यातली, शाहीनचीही साधारण डिसेंबर ते एप्रिल. आणि आमचा सीझन? पाऊस संपून कातळ सुकला की उन्हं तापेपर्यंत. तोच.

म्हणजे हंगामभर सगळे कडे बंद म्हटलं तर सह्याद्रीत प्रस्तरारोहण संपलंच. आणि आपल्याकडच्या यंत्रणांना सरसकट बंदीच सोपी पडते. पावसाळ्यात गर्दी नि अपघात झाले की अख्ख्या परिसरावर आदेश निघतो, ते आपण दरवर्षी बघतो. एका फंक्शनमध्ये बग आहे म्हणून सगळा सर्व्हर बंद करणारा मॅनेजर मी पाहिलाय, त्याची आठवण होते. बेंगळुरूजवळच्या रामनगरचंही बघा. ‘शोले’मुळे ते खडक गब्बरचे म्हणून देशभर माहीत झाले, बेंगळुरूची क्लाइंबर मंडळी अजूनही त्या भागात जातात. आणि त्यातली रामदेवर बेट्ट ही टेकडी २०१२ मध्ये गिधाडांचं अभयारण्य झाली. ‘शोले’ बघताना त्या खडकांवर डाकूंशिवाय आणखी कुणाचं घर असेल, असं तुमच्या मनात आलं होतं? माझ्या नाही.

नेमका कुठला कडा, कुठली कपार, कुठले आठवडे बंद ठेवायचे हे सांगायला आधी कुणीतरी तिथे बघितलेलं असावं लागतं. ते बघणारे आम्हीच असू शकतो, कारण दोर लावून तिथवर जाणारे आम्हीच. पण त्यासाठी ‘बंदी’ हा शब्द ऐकताच अंगावर येणारा काटा जायला हवा. कोकणात तो तसा येत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचे दिवस म्हणून. त्याबद्दल कुरबुरी आहेत, चोरूनही होते. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटायची रीत त्याहून कितीतरी जुनी. थांबणं हा तिथे धंद्याचाच भाग आहे, त्याची गाणी आहेत. आमच्या थांबण्याचं साधं रीलही नाही.

गेल्या डिसेंबरात मी काकांबरोबर त्या कड्यासमोरच्या टेकाडावर दोन सकाळी बसलो. क्लाइंबिंगचं सामान घरी. त्यांच्या दुर्बिणीतून पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले, त्यांच्या वर एक लेज, आणि लेजवर मादी. आमचा रूट तिच्यापासून फार तर वीस मीटरवर. काकांनी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, डबा उघडून मला थालीपीठ दिलं आणि म्हणाले, “डावीकडची भिंत तुम्हाला मोकळी आहे की रे. तिकडे का नाही चढत?” डावीकडची भिंत ठिसूळ आहे, फोटोत चांगली येत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझी क्लिप मी तेव्हाच काढून टाकली होती. पण तोवर दोन-तीन पेजेसनी ती उचलली होती. त्यातल्या एकावर ती अजून आहे, ढोल-ताशाचं पार्श्वसंगीत लावून, खाली कड्याच्या लोकेशनसकट.